मशीन बंद पडली तर या चुका टाळा (यातली एक मी स्वतः केलीय)

दर निवडणुकीत दुपारपर्यंत आमच्या चाळीच्या ग्रुपवर एक तरी मेसेज येतो, "मशीन बंद, जाऊ नका." आणि लोक खरंच जात नाहीत. मी काळाचौकीचा, बारा-तेरा वर्षं झाली पोलिंग एजंट म्हणून बसतोय, पक्ष कुठला ते सोडा, तो दोनदा फुटून झालाय. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, मशीन बिघडली म्हणून कुणाचं दिलेलं मत गेलंय असं मी बघितलेलं नाही, पण मशीन बिघडल्यावर पुढच्या तासाभरात आपण जो गोंधळ घालतो ना, त्यात मतं धडाधड जाताना बघितलीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी माझीच चूक सांगतो म्हणजे नंतर कुणाला शहाणपणा वाटायला नको. एका निवडणुकीत आमचं बूथ शाळेच्या वर्गात होतं. व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारी पेटी) ठेवलेलं खिडकीजवळ, कारण पंखा तिथेच होता आणि कोपरा जरा आडोशाला होता. साडेनऊच्या सुमारास ऊन फिरलं, थेट मशीनवर आलं आणि थोड्या वेळात व्हीव्हीपॅट अडलं. झोनल ऑफिसर नवीन व्हीव्हीपॅट घेऊन आले, पंधरा-वीस मिनिटांत काम झालं असतं. पण मी उभा राहिलो, म्हटलं मशीन बदलली तर मॉक पोल (मशीन तपासायला घेतात ते खोटं मतदान) पाहिजेच, पन्नास मतांचा, नाहीतर मी सही करणार नाही. केंद्राध्यक्ष मॅडम बिचाऱ्या हँडबुक काढून दाखवतायत, मी ऐकायलाच तयार नाही, समोरच्या पक्षाचा एजंट पण माझ्या बाजूने, एरवी आमचं एकमेकांशी पटत नाही पण भांडायला एकत्र. हा राडा अर्धा तास चालला. बाहेर लाईन गेटपर्यंत होती ती निम्मी झाली. त्या लाईनीत माझी सख्खी काकू होती, गुडघे दुखतात म्हणून ती घरी गेली ती परत आलीच नाही.

आणि नियम मॅडमचाच बरोबर होता. मतदान चालू असताना फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त व्हीव्हीपॅट बदलायचं, मॉक पोल लागत नाही. कंट्रोल युनिट (अधिकाऱ्यासमोरचं, ज्यात मतं साठतात) किंवा बॅलट युनिट (ज्यावर मतदार बटण दाबतो) यातलं काही बिघडलं तर मात्र तिन्ही वस्तूंचा पूर्ण सेट बदलतात आणि मग प्रत्येक उमेदवाराला एक आणि नोटाला एक असं मत टाकून मॉक पोल घेतात. पन्नास मतांचा मॉक पोल तो सकाळचा, मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, म्हणजे सातला मतदान असेल तर साडेपाचला. आणि मतदान सुरू व्हायच्या आधीच काही बिघडलं तर जे बिघडलं तेवढंच बदलायचं. हे एवढं जरी एजंट लोकांनी घरून पाठ करून आणलं तरी मुंबईतल्या अर्ध्या लाईनी वाचतील.

आता सगळ्यात मोठी भीती, "आधी दिलेलं मत उडालं का?" नाही उडत. मत कंट्रोल युनिटच्या मेमरीत असतं, ते युनिट बंद पडलं, बॅटरी संपली तरी मेमरीतलं राहतं. सेट बदलला तर जुनं युनिट सील होऊन जातं आणि मोजणीला दोन्ही युनिट उघडतात. मोजणीच्या दिवशी डिस्प्लेच चालू झाला नाही तर ते युनिट बाजूला ठेवतात आणि गरज पडली तर त्याच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. लाईट गेली म्हणून मशीन बंद हे पण कानावर येतं, अहो ती बॅटरीवर चालते, कंट्रोल युनिटची साडेसात व्होल्टची, लाईट गेली तर बंद पडतो पंखा.

ऊन आणि उजेडाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 28 मे 2018 ला भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली, त्याच दिवशी यूपीत कैराना. भर उन्हाळा. व्हीव्हीपॅट इतकी बंद पडली की भंडारा-गोंदियात 49 आणि कैरानात 73 बूथवर 30 तारखेला परत मतदान घ्यावं लागलं. आत चिठ्ठी नीट छापली का हे बघणारा सेन्सर असतो, त्याच्यावर बाहेरचा उजेड पडला की तो गडबडतो. तेव्हापासून सूचना आहे, व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा दिव्याच्या बरोबर खाली ठेवायचं नाही. आपल्याकडे बूथ कुठे कुठे असतात, शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल, नाहीतर मैदानात पत्रा आणि मंडप, त्यामुळे सकाळी साडेपाचला जी जागा काळोखात असते ती साडेदहाला उन्हात येते हे कुणाच्या लक्षातच येत नाही. माझ्या त्या वर्गात झोनल ऑफिसरनी आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. मी मॉक पोलसाठी भांडत होतो आणि खरा इलाज तो होता.

ज्यांना इलेक्शन ड्युटी लागलीय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी, शिक्षक असाल, महापालिकेत असाल, बँकेत असाल, ट्रेनिंगला मागच्या बाकावर बसून मोबाईल बघितला असेल तर हे तरी वाचा. व्हीव्हीपॅटच्या मागे एक खटका असतो, नेताना आडवा असतो, चालू करायच्या आधी उभा करायचा. तो आडवाच ठेवून कंट्रोल युनिट ऑन केलं की एरर आलीच म्हणून समजा. दुसरं, केबल लावताना काढताना कंट्रोल युनिट बंद पाहिजे. चालू ठेवून केबल ओढायची नाही, मग लिंक एरर आली की "मशीन खराब आलीय" म्हणून ओरडायचं नाही. बहुतेक वेळा केबल नीट बसलेली नसते, बंद करा, काढा, परत लावा. डिस्प्लेवर 'इनव्हॅलिड' आलं तर तो बिघाड नाहीच, तुम्ही बटण चुकीच्या क्रमाने दाबलंय. 'प्रेस्ड एरर' आली तर बॅलट युनिटवर कुठलं तरी बटण दबून अडकलंय.

आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे मॉक पोल क्लिअर करायचा विसरणं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर, हा क्रम. सातला पाच मिनिटं कमी, बाहेर लोक दार वाजवतायत, आत चहा आलेला, आणि तेवढ्यात क्लिअर राहून जातं, मग त्या पन्नास खोट्या मतांवरच खरी मतं चढत जातात. संध्याकाळी एकूण आकडा जुळत नाही. अशी मशीन मोजणीला बाजूला ठेवतात, आणि जिंकणाऱ्याची आघाडी अशा बाजूला ठेवलेल्या मशीनमधल्या एकूण मतांपेक्षा जास्त नसेल तर चिठ्ठ्या मोजत बसायची वेळ येते. व्हीव्हीपॅटच्या डब्यातल्या मॉक पोलच्या चिठ्ठ्या पण काढायच्या, त्यांच्यावर शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. एजंट लोकहो, हे बघायला तरी वेळेवर या. उशीर केलात तर ते पंधरा-एक मिनिटं थांबतात आणि तुमच्याशिवाय सुरू करतात, मग दिवसभर "आमच्यासमोर झालाच नाही" म्हणून उपयोग नाही.

मतदारांच्या चुका तशा साध्या, पण रोजच्या. कितीतरी आजी-आजोबा चिन्हावरच बोट दाबून उभे राहतात, निळं बटण बाजूला असतं ते दिसत नाही. कधी कधी बटण दाबून काहीच होत नाही कारण अधिकाऱ्याने बाहेर कंट्रोल युनिटवर 'बॅलट' दाबलेलंच नसतं, तेव्हा आतून फक्त विचारा, "सर, चालू केलंत का?" जोरात दाबून, परत परत दाबून दोन मतं पडत नाहीत. दाबलं की लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापून खाली पडते आणि लांब बीप येतो. बीप येईपर्यंत हलायचं नाही. चिठ्ठी घरी न्यायची नसते, ती डब्यातच राहते (एक काका "माझी पावती द्या" म्हणून केंद्राध्यक्षांशी दहा मिनिटं हुज्जत घालत होते, रेशनच्या दुकानात घालतात तशी).

महापालिकेला यातलं थोडं बदलतं. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे "चिठ्ठी दिसली नाही" म्हणून आरडाओरडा करू नका. मुंबईत एका वॉर्डाचा एक नगरसेवक म्हणून एकच मत. पण ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडे पॅनल पद्धत, म्हणजे एका वॉर्डात एकापेक्षा जास्त नगरसेवक, तिथे जेवढ्या जागा तेवढी बटणं दाबावी लागतात, कुणी पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं. लोक आपल्या ओळखीच्या एकालाच देऊन निघतात, मशीन बीप देत नाही, मागचा माणूस खोळंबतो आणि बाहेर बोंब, "मशीन अडकली." ठाण्याची माझी मावसबहीण असंच करून आली होती आणि वर मलाच सांगत होती की तुमच्या मशीन भंगार आहेत.

बरं, खरंच तुम्ही एक दाबलं आणि चिठ्ठीवर दुसरंच दिसलं तर? पहिली चूक म्हणजे बाहेर येऊन व्हिडिओ करणं, दुसरी म्हणजे गप्प घरी जाणं. नियम 49 एमए आहे. तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगायचं, लेखी डिक्लरेशन द्यायचं, मग ते तुमच्याकडून एजंटांसमोर टेस्ट व्होट घेतात. चिठ्ठी चुकीची निघाली तर मतदान तिथेच थांबतं. बरोबर निघाली तर खोटी माहिती दिली म्हणून कैद किंवा दंड होऊ शकतो, हे आधीच सांगतात. ही अट मला स्वतःला पटत नाही, सात सेकंदात चिठ्ठी बघताना माणसाची नजर चुकू शकते, आणि घाबरून खरी तक्रार असलेला पण गप्प बसतो. पण नियम हा असा आहे, माहीत असलेला बरा. तसंच तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका, प्रदत्त मत मागा, ते कागदी मतपत्रिकेवर देता येतं.

"एकदोन मतांनी काय होतंय" म्हणणाऱ्यांना मी दोन आकडे सांगतो. 2008 ला राजस्थानात नाथद्वारामधून सी. पी. जोशी एका मताने पडले. आणि आपल्याच मुंबईत, 2024 ला वायव्य मुंबईत रवींद्र वायकर जिंकले, अमोल कीर्तिकर हरले, फरक 48. अठ्ठेचाळीस म्हणजे आमच्या चाळीचे दोन मजले. त्या निकालानंतर मोबाईलवर ओटीपी येऊन ईव्हीएम उघडली अशी बातमी सुटली. मोजणी केंद्रात मोबाईल नेल्याचा पोलीस गुन्हा खरा होता, पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी सांगितलं की ईव्हीएमला कसलंच नेटवर्क जोडलेलं नसतं, ओटीपी आकडे भरायच्या सिस्टिमच्या लॉगिनचा असतो. ज्या पेपरने छापलं त्याने नंतर माफी मागितली. लोकांच्या डोक्यात मात्र ओटीपीच राहिला.

म्हणून एजंटनी अफवेमागे न धावता कागदामागे धावावं. मशीन किती वाजता बंद पडली, किती वाजता चालू झाली, तोपर्यंत किती मतं झाली होती, जुन्या-नव्या युनिटचे नंबर, हे सगळं वहीत लिहा आणि केंद्राध्यक्षांच्या डायरीत पण लिहायला लावा. परत मतदान घ्यायचं की नाही हे बूथवर कुणी ठरवत नाही, आयोग ठरवतो, आणि तो कागद बघून ठरवतो. संध्याकाळी सतरा सी ची (बूथवर झालेल्या मतांचा हिशेब असलेला फॉर्म) कॉपी घेतल्याशिवाय उठायचं नाही, भूक लागली तरी. मोजणीला टेबलावर युनिटचा नंबर आणि एकूण मतं त्याच्याशी जुळवायची. बॅटरी 99 टक्के दाखवते म्हणून भांडू नका, हरियाणात 2024 ला त्यावरून केवढं रामायण झालं, ती बॅटरी मोबाईलसारखी टक्क्याटक्क्याने उतरत नाही, व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या वर असेपर्यंत 99 च दाखवते. आकडा मात्र बघा. पानिपतजवळच्या एका गावात 2022 ला सरपंचाच्या निवडणुकीत एका बूथवर दोन उमेदवारांचे आकडे उलटसुलट लिहिले गेले, हरलेल्या माणसाने जवळजवळ तीन वर्षं कोर्ट गाठलं, शेवटी 2025 ला सुप्रीम कोर्टात मशीन मोजल्या तेव्हा तो 51 मतांनी जिंकलेला निघाला. मशीन ठीक होती, लिहिणारा हात चुकला होता.

आणि लाईनीतल्यांनी एकच करा, निघू नका. बिघाडात गेलेला वेळ संध्याकाळी आपोआप वाढवून मिळत नाही, पण सहाच्या ठोक्याला जो लाईनीत उभा आहे त्याला लाईनीची चिठ्ठी मिळते, शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात, आणि मग रात्रीचे नऊ वाजले तरी त्याचं मत घ्यावंच लागतं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, अपंग यांना वेगळं पुढे सोडतात, फक्त मागावं लागतं, मुंबईकराला लाईनीत पुढे जायला मागायची सवय नाही आणि दिलं तर मागचे ओरडतील ही भीती. ग्रुपवर "मशीन बंद" टाकलंत ना, मग "मशीन चालू झाली" हे पण टाका, ते कुणी टाकत नाही.

माझी काकू आता मतदानाला घडीचं स्टूल घेऊन येते. मागच्या वेळी मशीन एकदाही अडली नाही, तरी ती दोन तास ऐटीत बसून होती, आणि मला आत एजंटच्या बाकड्यावर बघून पूर्ण लाईनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज भांडू नकोस हां."