जुनी वस्तू घेताना या चुका टाळा: कूलर, पितळ, शिलाई मशीन आणि साड्या

मे महिन्यात भुसावळला रेल्वे क्वार्टरच्या बाजूने गेलं की एखाद्या ओट्यावर लोखंडी कपाट, कूलर, पोरांची सायकल बाहेर काढून ठेवलेली दिसते. बदलीची ऑर्डर आलेली असते, सगळं सामान ट्रकमध्ये मावत नसतं. रेल्वे, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी अशा बदलीच्या नोकऱ्यांमुळे या पट्ट्यात नीट वापरलेली वस्तू कायम विकायला निघते. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमसारख्या संस्था दान आलेल्या वस्तू दुकानात विकून पैसा मदतकार्याला लावतात. आपल्याकडे ती रीत फारशी नाही. आपल्याकडे जुनी वस्तू येते बदलीच्या बिऱ्हाडातून, बोहारणीच्या गाठोड्यातून, आठवडे बाजाराच्या कडेला पसरलेल्या पथारीवरून. अशी वस्तू हातात धरून, उलटी करून, ठोकून बघण्यात मला जो आनंद मिळतो तो नव्या दुकानात कधीच मिळत नाही. पण या आनंदाच्या भरात माझे पैसे वाया गेले आहेत, आणि एकदा जिवावरही बेतलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते.

कूलर मार्चमध्ये शोधणं

जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे होळी झाली की प्रत्येकाला कूलर हवा असतो आणि विकणारा सांगेल तो भाव होतो. तोच कूलर दिवाळीनंतर, थंडीत, अडगळ म्हणून निघतो. मी कूलर डिसेंबरातच बघते.

भावापेक्षा मोठी चूक म्हणजे कोरडा कूलर चालवून बघणं. पंखा फिरला, वारा आला, झालं समाधान. टाकीत पाणी भरा आणि किमान अर्धा तास चालू ठेवा. तेवढ्यात पंप पाणी वर नेतो की नाही, तिन्ही बाजूंचे पॅड सारखे भिजतात की एक कोपरा कोराच राहतो, खालून थेंब पडतो का, हे सगळं दिसतं. कोपरा कोरा राहिला तर घाबरू नका, बहुतेक वेळा वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात. तारेने मोकळी करता येतात. मोटर घुमत राहिली आणि पंखा हाताने ढकलल्यावरच फिरला तर आधी कपॅसिटर बदलून बघा, तो स्वस्तात मिळतो. मोटरीतून जळका वास आला तर मात्र वाइंडिंगचा खर्च धरूनच भाव करा. टाकीच्या तळावर नवा रंग दिसला की बोटांनी ठोकून बघा. गंजून भोक पडलेल्या पत्र्यावर एम-सील आणि वर रंग, ही नेहमीची गोष्ट आहे.

आता जिवावर बेतलेली गोष्ट. लोखंडी बॉडी, आत पाणी, आणि दोनच पिनांची वायर, असा एक कूलर मी घेतला होता. ओल्या हाताने जाळी सरकवायला गेले आणि हात चिकटला. शेजारच्या वहिनींनी मेन स्विच पाडला म्हणून वाचले. तेव्हापासून तीन पिनांच्या वायरीशिवाय मी कूलर घरात येऊ देत नाही. आणि नुसती तिसरी पिन पुरत नाही. घरातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर त्या पिनेचा काही उपयोग होत नाही. वापरायला काढण्याआधी वायरमनकडून बोर्ड आणि बॉडी दोन्ही तपासून घ्या. पाणी भरताना प्लग काढायचाच, घाई असली तरी.

मोडीचा भाव न विचारता पितळ घेणं

पथारीवरचं पितळेचं पातेलं किंवा तांब्याचं घंगाळ आवडलं की लगेच किंमत विचारू नका. बाजारात शिरण्याआधी ओळखीच्या भांड्यांच्या दुकानात आज मोड काय भावाने घेतात ते विचारून या. पथारीवाला त्याहून थोडं जास्त मागणारच, तो त्याचा हक्क आहे. पण नव्या भांड्याच्या भावाजवळ जायला लागला तर सोडून द्या. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. पितळेला, तांब्याला ते चिकटत नाही, पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला लगेच चिकटतं. हीच कसोटी लोक स्टीलला लावतात आणि तिथे फसतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील, असं नसतं. निकेल कमी असलेल्या हलक्या प्रतीच्या स्टीललाही ते चिकटत नाही.

एका बाजारात पथारीवाल्या बाबांनीच मला शिकवलं. म्हणाले, "ताई, पानी भरी दखा. जुनं शे, पन पक्कं शे." म्हणजे पाणी भरून बघा, जुनं आहे पण पक्कं आहे. पोचे आलेले चालतात, ठोकून निघतात. गळती असेल तर डाग, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, दिलाय का ते बघा. जुन्या डागाच्या धातूत शिसं असू शकतं, म्हणून असं भांडं मी झाडाच्या कुंडीसाठी घेते, स्वयंपाकाला कधीच नाही.

कल्हई उडालेल्या पातेल्यात कढी किंवा चिंचेचं वरण केलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. आंबटामुळे तांबं अन्नात उतरतं. म्हणून पातेलं घेताना कल्हईचा खर्च किमतीत मिळवा, आणि कल्हई समोर बसून करून घ्या. कल्हई केलेलं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. कल्हईचं कथील २३२ अंशांनाच वितळतं, फोडणीसाठी कोरडं पातेलं तापवलं की आतून ओघळ दिसायला लागतात. तसं झालं तर भांडं वाया गेलेलं नसतं, परत कल्हई करायची.

बिडाचा तवा मिळाला तर टिचकी मारून ऐका. घंटेसारखा वाजला तर घ्या, बद्द वाजला तर कुठेतरी भेग आहे. वरवरचा गंज जाड मिठाने घासून, तेल लावून, दोन-तीनदा तापवला की निघतो. माझ्या तव्यावर कळण्याची भाकरी अशी सुटते की नॉनस्टिकची आठवण होत नाही.

मशीन बिघडलंय असं समजून परत विकणं

पायाने चालवायचं काळं मशीन मी बदलीवर निघालेल्या एका घरातून घेतलं. घरी आणलं तर दर वितभर शिवणीला दोरा तुटायचा. महिनाभर ते तसंच पडून होतं, भंगारवाल्याला द्यायचंही ठरलं होतं. दुरुस्तीवाल्या काकांनी सुई काढली, फिरवून पुन्हा लावली, आणि मशीन चालू. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने आत शिरायला हवा. विकणाऱ्यांच्या घरी कुणीतरी सुई उलटी लावली होती.

तेव्हापासून मैत्रिणींना सांगते: टाके सुटत असतील तर आधी नवी सुई लावा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर बॉबिनला दोष देऊ नका, वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. चाक जड फिरत असेल तर आतलं जुनं तेल चिकट झालेलं असतं. थोडं रॉकेल सोडून, फिरवून, पुसून घ्या आणि मग मशीनचंच तेल घाला. स्वयंपाकघरातलं गोडेतेल कधीच घालू नका, त्याचाच पुढे डिंक होतो.

साड्या सावलीत बघणं

बोहारणी भांड्यांच्या बदल्यात आपले कपडे नेतात, ते निवडून, धुऊन, शिवून पुन्हा बाजारात येतात. साडी दोन्ही हातांनी उन्हासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. रेशमी साडी घडीवरच आधी फाटते, म्हणून घडी उलगडून तिथेच बघा. गोधडीसाठी घेत असाल तर सुती आणि सिंथेटिक मिसळू नका. धुतल्यावर सुती आटते, दुसरी आटत नाही, आणि आख्खी गोधडी चुरगळून फुगे येतात.

बाकीचं थोडक्यात. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे मिळतात, पण तळ फुगलेला असेल तर फुकटही नको. जुन्या मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि पैसे देण्याआधी तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. लाकडी खाटेच्या खाचांमध्ये काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. वरचा भाग आपल्या मे महिन्याच्या उन्हात चांगला तापतो, पण खाचेच्या आत ऊन पोचत नाही, तिथे उकळतं पाणीच ओतावं लागतं.

भावात घासाघीस मीही करते, पण एका ठिकाणी करत नाही. दवाखान्याच्या खर्चासाठी, पोरीच्या फीसाठी कुणी घरातली वस्तू विकायला काढली असेल तर ती वस्तू घ्यायची असल्यास योग्य किंमत द्यावी, नाहीतर घेऊच नये. दुसऱ्याची अडचण पाहून भाव पाडणं मला चोरीसारखं वाटतं.

माझ्या घंगाळाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी एका बाईचं नाव आणि १९६२ हे साल घातलेलं आहे. लग्नात माहेरच्यांनी दिलेलं असणार. पॉलिशवाला म्हणाला, "नाव घासून टाकतो, नव्यासारखं होईल." मी त्याला तेवढा काठ सोडून बाकीचं चकाकवायला सांगितलं. सणाला त्यात पाणी तापतं तेव्हा ते नाव आधी ओलं होतं आणि मग वाफेत लखलखतं.