आरओ प्लांट सुरू होतानाचा दणका असा थांबवला

आमच्या कारखान्यातला आरओ प्लांट सकाळी सुरू केला की पाइपांत धाडकन आवाज यायचा, प्रेशर गेजचा काटा उडी मारायचा. दिवसा बंद करून लगेच चालू केला तर मात्र काही नाही. म्हणजे गोम रात्रीच्या विश्रांतीत होती.

रिजेक्टचा, म्हणजे गाळून उरलेल्या खारट पाण्याचा, पाइप खाली गटारात उघडा सोडलेला. प्लांट थांबला की व्हेसलमधलं (मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारे पडदे, बसवलेल्या नळकांड्यांमधलं) पाणी ओघळून जायचं, त्या जागी हवा शिरायची. सकाळी हाय प्रेशर पंप पूर्ण वेगाने पाणी आपटायचा. अशाने मेंब्रेनचे गुंडाळलेले थर दुर्बिणीसारखे बाहेर सरकतात, आणि मेंब्रेन काही स्वस्त नाहीत!

रिजेक्ट लाइन सर्वांत वरच्या व्हेसलपेक्षा उंच नेऊन मग खाली उतरवली. माथ्यावर व्हॅक्यूम ब्रेकर (हवा आत घेऊन पाण्याची ओढ तोडणारा व्हॉल्व्ह) बसवला, नाहीतर सायफनने व्हेसल पुन्हा रिकामं. आता रिजेक्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून आधी फक्त फीड पंपाच्या (प्लांटला पाणी पुरवणाऱ्या पंपाच्या) 2 ते 4 बार दाबावर हवा काढतो. बुडबुडे थांबले की मगच हाय प्रेशर पंप. त्याच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणाचा) रॅम्प, म्हणजे वेग चढण्याचा वेळ, असा लावलाय की दाब सेकंदाला 0.7 बारपेक्षा जास्त चढत नाही. मेंब्रेनसाठी सहसा हीच मर्यादा सांगतात. व्हीएफडी नसेल तर पंपातून पाणी बाहेर पडणाऱ्या लाइनवर हळू उघडणारा मोटराइज्ड व्हॉल्व्ह चालतो. नुसत्या सॉफ्ट स्टार्टरवर (मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या उपकरणावर) माझा तेवढा भरवसा नाही.