लेकीचे आकाशकंदील विकायचे असतील तर

माझी लेक बारा वर्षांची. गेल्या दिवाळीत तिने चाळीस कंदील विकले. तुम्हालाही जमेल, पण सोसायटीची परवानगी लेखीच घ्या. तोंडी होकारावर मांडलेलं आमचं टेबल तासाभरात उचलावं लागलं.

फुटपाथ नकोच. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार विक्रेत्याला १४ वर्षं पूर्ण हवीत. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार त्याहून लहान मुलं घरच्या धंद्यात मदत करू शकतात, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, बिनधोक कामात. म्हणून धंदा माझा, मदत तिची. कटर माझ्या हातात, खळ तिच्या (आणि सोफ्यावरही). कागदाची उधारी माझ्या नावावर, कारण अठराच्या आतल्यांचा करार कायद्याने धरत नाहीत.

चकल्याही विकणार? मग आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, मोठ्यांच्या नावाने.