नगराध्यक्षांचं चरित्र लिहायचंय? आधी इतिवृत्त काढा

मी नगरपालिकेच्या सभा विभागातून निवृत्त झालो. त्यामुळे जुन्या नगराध्यक्षांची पंचाहत्तरी जवळ आली की गौरवग्रंथवाले हटकून माझ्याकडे येतात. त्यांना सांगतो, सत्काराची भाषणं बाजूला ठेवा, त्यात माणूस सापडत नाही.

सुरुवात दालनातल्या नावांच्या फलकापासून. तारखा उतरवा आणि प्रत्येक कार्यकाळासमोर निवड कशी झाली ते लिहा. 2001 ला थेट जनतेतून, मधे नगरसेवकांतून, 2016 ला पुन्हा थेट. थेट आलेल्याकडे सभागृहात बहुमत असेलच असं नाही. नगरसेवकांनी निवडलेल्याचा निम्मा वेळ त्यांना सांभाळण्यातच जातो. आरक्षणाची सोडतही बघा. पद महिलेसाठी निघालं की खुर्चीवर सौ. आणि कारभार साहेबांचा, असंही कुठे कुठे चालायचं. फलक ते सांगत नाही.

मग इतिवृत्ताच्या, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदींच्या वह्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आधी अवलोकन मागा, म्हणजे कार्यालयातच बसून वह्या बघण्याची परवानगी. ‘सर्व ठराव द्या’ म्हटलंत की अर्ज लटकलाच. वर्ष नि विषय नेमका लिहा: पाणीपुरवठा, घरपट्टी, बाजार ओटे. वही हाती आली की सूचक-अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला ते टिपा. खरी गंमत मात्र शेवटी, ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली. कार्यसूचीवर नसलेला गाळ्यांच्या भाडेपट्ट्याचा विषय सभा उठता उठता ‘सर्वानुमते मंजूर’ झालेला दिसला, तर तिथेच थांबा. पुढचा आठवडा त्याच पानावर घालवा.

ठराव सापडला म्हणून काम झालं असं लिहू नका. महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव 1924 सालीच केला होता. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव रद्द केला. म्हणून ठरावामागून निविदा, कार्यादेश, बिल शोधा. जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली स्थगिती दिली होती का, तेही तपासा.

मुलाखती घेताना कार्यकर्ते शेवटी. आधी जुना ड्रायव्हर, मग पाणी सोडणारा वॉल्व्हमन. साहेबांच्या गल्लीला पाणी किती वेळ आणि विरोधकाच्या वॉर्डाला किती, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याचं नाव मात्र छापू नका. पोरगा अजून पालिकेतच कामाला असतो.