एम्बेडेडमध्ये नवीन आहात? आधी बोर्ड बूट कसा होतो ते बघा

मी कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, शेतीपंपाचे कंट्रोलर बनवतो आम्ही, आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड असतो. इकडं पंपाची लाईट पाळीनं येते, लाईट आली की बोर्ड बूट, गेली की बंद, त्यामुळं स्टार्टअप हे रोजचंच दुखणं. कॉलेजात यावर कुणी बोलत नाही, सगळा जोर ड्रायव्हरवर.

नवीन पोरगं आलं की पहिलं म्हणतं, सर सिस्टमडी टाकूया, म्हणजे बूट झाल्यावर बाकीचे प्रोग्राम सुरू करून सांभाळणारा मोठा प्रोग्राम. वाईट नाही ते, २०१० पासून आहे आणि पुण्यात इंटरव्ह्यूला विचारतात पण, तेव्हा शिकून ठेवाच. पण चार-पाच सर्व्हिसच्या (मागं सतत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) बोर्डाला बिझीबॉक्स या छोट्या टूलसंचातला इनिट, म्हणजे तेच काम करणारा साधा प्रोग्राम, बास झाला; बोर्डासाठी लिनक्स बनवायचं टूल बिल्डरूट, त्यात डीफॉल्ट तोच असतो. काय काय चालवायचं ते सांगणारी त्याची इनिटटॅब फाईल म्हणजे मोजक्या ओळी. फक्त त्यात रनलेव्हल (कुठल्या मोडमध्ये काय चालवायचं त्याचे जुन्या पद्धतीचे आकडे) चालत नाही, तो कॉलम रिकामा सोडायचा. पोरं जुने लेख वाचून तिथं आकडे भरतात आणि मग फरक का पडत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

बाकीच्या स्क्रिप्ट इनिट-डी फोल्डरमध्ये, एस४० नेटवर्क, एस५० अमुक, अशा नंबरानं एकामागून एक चालतात, आधीची संपल्याशिवाय नंतरचीला नंबर नाही. खरी घाण होते ती इथं. मोडेम उशिरा उठतो म्हणून कुणीतरी स्लीप १५ (पंधरा सेकंद थांब) टाकतो, दुसरा त्यावर अजून पाच वाढवतो, आणि तिकडं लाईट येऊन पण पंप गप्पच. अहो मोडेम नसला म्हणून पंपानं का थांबायचं? वाट प्रोग्रामनं बघायची, पोर्ट मिळाला नाही तर थोड्या वेळानं परत ओपन करायचा, स्क्रिप्टला अडकवून ठेवायचं नाही.

दुसरं म्हणजे पडलेला प्रोग्राम उठवायला लोक व्हाइल लूप, पीएस (चालू प्रोग्रामची यादी), ग्रेप (त्यात नाव शोधणं) असलं काहीबाही लिहितात. काढून टाका ते. इनिटटॅबमध्ये रिस्पॉनची (मेला की परत सुरू कर) एक ओळ, झालं काम. अट एवढीच की प्रोग्राम फोरग्राउंडला राहिला पाहिजे. तो स्वतःच फोर्क होऊन, म्हणजे आपली कॉपी मागं चालू ठेवून मूळ बंद करून, बॅकग्राउंडला गेला तर इनिटला वाटतं मेला, मग तो दुसरा काढतो, मग तिसरा, आणि सगळे मिळून एकाच सिरियल पोर्टवर मारामारी करतात. ड्रॉपबेअरला (बोर्डावर लांबून लॉगिन करायचा छोटा एसएसएच सर्व्हर) यासाठी डॅश कॅपिटल एफ आहे, बाकीच्यांचं हेल्पमध्ये बघा. आणि रिस्पॉन लावलं की त्याच सर्व्हिसची एस५० वाली स्क्रिप्ट उडवा, नाहीतर दोन मालक होतात.

बोर्ड नसेल तर क्यूईएमयूवर (कॉम्प्युटरमध्येच खोटा बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बिल्डरूट चालवा, रिस्पॉन लावलेल्या प्रोग्रामला किल मारा आणि नवीन पीआयडी (प्रोग्रामचा नंबर) घेऊन एकच उठतोय ना ते पीएसमध्ये बघा.