ईसीएचएलचा गुणतक्ता कसा वाचायचा

उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये सगळ्यात वर एनएचएल, तिच्याखाली एएचएल आणि त्याखालची पायरी ईसीएचएल. इथे ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ 72 सामने खेळतो, तेही बहुतेक शुक्रवार-शनिवार-रविवारी. त्यामुळे गुणतक्ता सोमवारी उघडावा. शनिवारी पाहिलात तर कुणाचा एक सामना झालेला असतो, कुणाचा एकही नाही.

विजयाला 2 गुण. 60 मिनिटांतच हरलात तर शून्य. बरोबरी झाली तर तीन विरुद्ध तीन खेळाडूंचा जादा वेळ आणि तरीही निकाल नाही लागला तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर गोलाचा प्रयत्न करणे. यांत हरणाऱ्यालाही 1 गुण मिळतो. म्हणून तक्त्यात पराभवांचे तीन रकाने असतात: एल (60 मिनिटांतला), ओटीएल (जादा वेळेतला) आणि एसओएल (शूटआउटमधला). नवखा वाचक तिन्हींची बेरीज करतो आणि चांगल्या संघाला कच्चा समजून बसतो.

दुसरी चूक म्हणजे फक्त गुण पाहणे. समजा, एका संघाचे 40 सामन्यांत 24 विजय, 12 साधे पराभव, जादा वेळेतले 3 आणि शूटआउटमधला 1 पराभव. गुण झाले 52. दुसऱ्याचे 36 सामन्यांत 23 विजय, 11 साधे पराभव, शिवाय जादा वेळेतला 1 आणि शूटआउटमधला 1, गुण 48. आता मिळालेल्या गुणांना सामन्यांच्या दुपटीने भागा: 52 भागिले 80 म्हणजे 0.650, तर 48 भागिले 72 म्हणजे 0.667. चार गुणांनी मागे दिसणारा संघच खरा पुढे आहे. जानेवारीपर्यंत याच आकड्यावर भिस्त ठेवा.

यानंतर पाहायची ती खेळाडूंच्या ये-जा करण्याची यादी, आणि ती वाचल्याशिवाय तक्ता समजतच नाही. एएचएलमधला गोलरक्षक जखमी झाला की ईसीएचएलचा चांगला गोलरक्षक त्याच दिवशी वर बोलावला जातो. पाठोपाठ तीन दिवस तीन सामने असताना हे घडले, तर उरलेल्या एकट्यावर सगळा भार येतो किंवा ऐनवेळी कुणाला तरी करारबद्ध करावे लागते. संघ अचानक चार-पाच सामने हरला तर आधी गोलरक्षक कोण होता ते तपासा, मग प्रशिक्षकाला दोष द्या. वर जाणे हेच तर या लीगचे काम: 2019 साली सेंट लुईसला एनएचएलचा विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकून देणारा गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टन आधी ईसीएचएलमधल्या कॅलामाझू विंग्जच्या गोलात उभा राहिला होता.

मार्चमध्ये हिशेब बदलतो. चार विभागांतले पहिले चार-चार संघ केली कपच्या, म्हणजे ईसीएचएलच्या विजेतेपदाच्या, बाद फेरीत जातात, म्हणून पाचव्या संघाकडे बघा. त्याचे गुण अधिक उरलेल्या सामन्यांची दुप्पट, त्यातून चौथ्याचे गुण वजा, अधिक 1: चौथ्याला जागा पक्की करायला इतके गुण हवेत. पाचवा हरला की हा आकडा 2 ने उतरतो. जादा वेळेत हरला तर 1 नेच.

बाद फेरीत शूटआउट नसते. 20-20 मिनिटांचे पूर्ण डाव, निर्णायक गोल होईपर्यंत. मालिका सातपैकी चार विजयांची. 2022-23 मध्ये आयडाहो स्टीलहेड्सने 58 विजय आणि 119 गुण कमावले, पण अंतिम मालिकेत फ्लोरिडा एव्हरब्लेड्सने त्यांना 4-0 ने हरवले.

भारतातून थेट पाहायचे तर अमेरिकेच्या पूर्व भागातला संध्याकाळी 7 चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5:30 ला सुरू होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे मागे होईपर्यंत आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुन्हा पुढे झाल्यावर मात्र 4:30 लाच.