गोल्फ कोर्स आखताना होलची रेघ विसरू नका

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, गोल्फ कोर्सची बाहेरची हद्द काढली, की काम निम्मंही झालेलं नसतं. आतला प्रत्येक होल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, ही एक रेघ असते, टीपासून (पहिला फटका मारायची जागा) निघून ग्रीनवर (खळगा असलेली बारीक गवताची जागा) संपणारी. ती उलट दिशेने काढली तर होलच उलटा होतो. फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, वळतो तिथे रेघही वळवा. होलचा क्रमांक आणि पार (अपेक्षित फटक्यांची संख्या) याच रेघेवर नोंदवा. टी, फेअरवे, ग्रीन आणि बंकर (वाळूचे खड्डे) यांचे मात्र वेगळे बंदिस्त आकार काढायचे.

खरी कसोटी फेअरवे आणि रफ (कडेचं वाढू दिलेलं गवत) यांची सीमा ओळखण्यात आहे. आपल्या सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात उन्हाळ्यातलं उपग्रहचित्र मिळालं तर तेच घ्या. पाणी दिलेला फेअरवे हिरवा राहतो, रफ वाळून पिवळं पडतं. पावसाळ्यातल्या चित्रात सगळंच हिरवंगार, काही उमगत नाही.

तळ्यात बेटावर ग्रीन असेल तर पाण्यासाठी मल्टिपॉलिगॉन, म्हणजे मध्ये भोक ठेवता येणारा आकार, वापरा. आपलं सिद्धेश्वर मंदिर डोळ्यांसमोर आणा: चहूबाजूंनी तलाव, पण मंदिराची जागा पाण्यात मोजायची नाही. बाहेरचा काठ ‘आउटर’, बेटाचा काठ ‘इनर’.

उपग्रहचित्र कधीकधी काही मीटर सरकलेलं असतं, म्हणून पहिली रेघ ओढण्याआधीच ते जीपीएस ट्रेसशी, म्हणजे प्रत्यक्ष फिरून नोंदवलेल्या मार्गाशी, जुळवून घ्या. गूगल मॅप्सवरून काहीही उतरवू नका, परवान्यात ते बसत नाही. पार ठाऊक नसेल तर ती जागा रिकामी ठेवा.